कितवेसाहेब आणि पत्र्याचं सूप

कोणतीही गोष्ट कितवी आहे हे कळल्याशिवाय आमच्या साहेबांना चैन पडत नसे. मुलगा पास झाला म्हणून पेढा पुढे केला, तर घेण्याआधी विचारायचे, "कितवा आला?" कुणी नवीन ठिकाणी मिसळ खाऊन आलं, तर म्हणायचे, "चांगली होती ते ठीक, पण नाशकात कितवी?" जेवणाच्या सुट्टीत आमच्या टेबलांवरून फिरायचे, कुणाचा बोटभर ठेचा, कुणाचं घासभर भरीत चाखायचे आणि तिथल्या तिथे निकाल लावायचे. "आज भरीत करण्यात लताबाई पहिल्या. सुमनबाई दुसऱ्या. सुमनबाई, मीठ कमी पडलं." सुमनबाई म्हणजे मी. मग लताबाई दिवसभर पहिल्या नंबराच्या तोऱ्यात. साहेबांचं खरं आडनाव त्यांच्या टेबलावरच्या पाटीवर होतं, पण आम्ही बायका त्यांना कितवेसाहेबच म्हणायचो. त्यांनाही ते ठाऊक होतं. एकदा म्हणाले, "असू दे. पण नावं ठेवणाऱ्यांत पहिली कोण, तेवढं सांगा."

आमची कंपनी नाशकातच, अंबडला. भिंतीवर बसवतात ती विजेची बटणं तिथे तयार होतात. आमच्या लाइनवर आम्ही तीस बायका, सगळ्या कंत्राटावर. बटणाच्या पोटात एक बारीक स्प्रिंग असते, तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडी मोठी. ती चिमट्यानं उचलायची, खाचेत बसवायची, वर पट्टी, वर झाकण, की पुढच्या बाईकडे. मी आठ वर्षं स्प्रिंगांच्या टेबलावर होते. माझं शिक्षण चौथी, तेही देवळ्याजवळच्या आमच्या खेड्यात. बोलायचा माझा स्वभाव नाही. लाइनवर हजेरी घेताना 'हजर' म्हणायचं, तेवढाच माझा आवाज लोकांना माहीत होता.

साहेबांच्या खात्याला सुधारणा विभाग म्हणायचे. विभाग म्हणजे एक टेबल, एक कपाट आणि ते स्वतः. कॅन्टीनच्या दाराशी त्यांनी एक फळा लावला होता. जगातल्या देशांची यादी लागते म्हणे, नवीन गोष्टी शोधण्यात कोण पुढे, मालात आणि धंद्यात कोण पुढे. अशा बऱ्याच याद्या असतात. पेपरात तसलं काही आलं की साहेब कात्रण डकवायचे आणि शेजारी खडूनं बाण काढायचे. देश वर गेला तर वर, घसरला तर खाली. आम्ही डबे घेऊन जाताना तो बाण बघायचो. लताबाई नामपूरकडची, बोलणं अहिराणी, तिला राहवायचं नाही. "साहेब, देश वर गया, पण आमनं कॅन्टीन तठेच शे!" साहेब हसायचे. म्हणायचे, "लताबाई, देश काही दिल्लीत बसून वर चढत नाही. तुमच्या टेबलावरचं एक बटण कमी फुकट गेलं, तर तो मुंगीएवढा चढतो." लताबाई म्हणायची, "मग मुंगीले थोडी साखर बी टाका." दुसऱ्या महिन्यापासून आमच्या चहात साखर वाढली. ती कुणाला सांगून वाढवली, ते आम्हाला कधी कळलं नाही.

नंबराचं इतकं वेड, पण खाली असलेल्याला ते कधी लाजवायचे नाहीत. माझा धाकटा नववीत दोन विषयांत नापास झाला, तेव्हा मी त्यांच्यासमोरून जायचं टाळत होते. त्यांनी पाण्याच्या नळाशी गाठलंच. "कितवा?" मी मान खाली घातली. "बरं, शेवटून कितवा?" मी म्हटलं, "शेवटून चौथा." "म्हणजे तिघांना मागं टाकलं. पुढच्या वर्षी आणखी तिघांना टाकू दे. मोजायला कुठून तरी सुरुवात करावी लागते." घरी जाऊन मी पोराला तसंच सांगितलं. तो मार खायच्या तयारीनं बसला होता, तो माझ्याकडे बघतच राहिला.

त्यांचा एक पिवळा कागद होता. त्यावर तीन प्रश्न. अडचण काय होती? तुम्ही काय केलं? फरक काय पडला? कामात कुणाला काही सुचलं तर तो कागद भरून त्यांच्याकडे द्यायचा. दुसऱ्या कंपन्यांत साहेब लोकच कामगारांच्या नावानं असे कागद भरून टाकतात, असं आम्ही ऐकून होतो, कारण जितके कागद जास्त तितकं कंपनीचं नाव. कितवेसाहेब तसं करत नसत. म्हणायचे, "कागद कमी असले तरी चालतील. पण ज्याचं डोकं त्याचंच अक्षर." ज्यांना अजिबात लिहिता येत नव्हतं, त्यांचं ते स्वतः लिहून घ्यायचे, पण जसं बोललं तसं. लताबाईच्या कागदावर "हाई पेटी आठे नको, तठे ठेवा" असं जसंच्या तसं लिहिलेलं होतं, आणि तो कंपनी चालवणाऱ्या मोठ्या साहेबांच्या सहीनं मंजूर झाला होता.

माझ्या टेबलाची अडचण म्हणजे स्प्रिंगांचा गुंता. त्या पिशवीतून येतात तेव्हाच एकमेकींत अडकलेल्या असतात. एक उचलावी तर पाच येतात. सोडवायला गेलं की ताणल्या जातात, आणि ताणलेली स्प्रिंग बसवली की बटण फुकट. रोज माझा निम्मा वेळ गुंता सोडवण्यात जायचा. एके वर्षी संक्रांतीच्या हळदीकुंकवात शेजारणीनं वाण म्हणून वीतभर लांबीचं बांबूचं सूप दिलं. मी घरी सहज त्यात मूठभर तांदूळ घेऊन पाखडत होते, तेव्हा मनात आलं, स्प्रिंगा पाखडल्या तर? दुसऱ्या दिवशी सूप पिशवीत लपवून नेलं. लाज वाटत होती, म्हणून जेवणाच्या सुट्टीत सगळ्या गेल्यावर करून पाहिलं. सुट्या स्प्रिंगा मागे बसल्या आणि गुंते घरंगळत पुढे आले. मी मागे वळले तर कितवेसाहेब उभे. मला वाटलं, आता ओरडतील. ते म्हणाले, "पुन्हा एकदा करा."

पुढचा महिना त्यातच गेला. शेवटी देखभालीच्या फिटरनं पत्र्याचं सूप करून दिलं आणि बटणं फुकट जायची जवळपास थांबली. साहेबांनी पिवळा कागद माझ्यापुढे ठेवला. चौथीनंतर मी सहीशिवाय काही लिहिलं नव्हतं. पोराच्या वहीत आधी गिरवून पाहिलं, मग कागदावर उतरवलं, सहा ओळी. साहेबांनी त्यातली एकही चूक दुरुस्त केली नाही. खाली फक्त लिहिलं, 'कल्पना आणि काम, सुमनबाई, स्प्रिंग टेबल.'

त्यानंतर वर्षभरानं एका मोठ्या यादीची गोष्ट आली. देशातल्या नवीन गोष्टी शोधणाऱ्या कंपन्यांची यादी निघते, तिच्यात आमच्या कंपनीनं नाव दिलं होतं. मोठ्या साहेबांनी सगळ्यांना शेडमध्ये गोळा करून सांगितलं, की बाहेरदेशचा एक मोठा ग्राहक नवीन बटणाचं काम देणार आहे. ते काम आपल्याला द्यायचं की दुसऱ्या एका देशातल्या कंपनीला, हे तो ठरवतोय, आणि ठरवताना ही यादी बघणार आहे. काम आलं तर लाइन राहील, नाहीतर जुनं बटण दिवाळीपर्यंत बंद. लाइन म्हणजे आम्ही तीस जणी. त्या दिवशी कितवेसाहेब डबे चाखायला फिरले नाहीत. लताबाईनं हाक मारली, "साहेब, आज भरीत कितवं?" ते म्हणाले, "आज नको बाई. आज तोंडाला चव नाही."

यादीवाले तपासायला आले. एक उंच गोरे साहेब, आणि दुभाष्याचं काम करायला व तपासायलाही, पुण्याच्या एक मॅडम. त्यांना पाच-सहा सुधारणा प्रत्यक्ष बघायच्या होत्या, त्यांत माझं सूप. आदल्या दिवशी कितवेसाहेब म्हणाले होते, "घाबरू नका. काही बोलायचं नाही, रोजचं काम करून दाखवायचं." मी करून दाखवलं. गोऱ्या साहेबांनी वाकून वाकून पाहिलं. सगळं नीट झालं होतं. तेवढ्यात मॅडमनी हसून विचारलं, "ताई, ही कल्पना तुमची ना?"

कितवेसाहेब माझ्या शेजारी उभे होते, त्यांच्यामागे मोठे साहेब. आमच्याकडे मोठं माणूस शेजारी उभं असताना 'मी केलं' असं कुणी म्हणत नाही. भाजी चांगली झाली म्हटलं तर 'सासूबाईंनी शिकवली' म्हणायचं, पोरगं हुशार निघालं तर 'त्यांच्यावर गेलंय' म्हणायचं. लहानपणापासून जिभेला तेच वळण. मी मान खाली घालून म्हणाले, "नाही हो मॅडम, आमच्या साहेबांचं आहे ते. आम्हाला काय कळतंय?"

मला वाटलं मी चांगलं बोलले. वर पाहिलं तर मॅडमचं हसू गेलं होतं. त्यांनी हातातला माझा पिवळा कागद पाहिला, त्यावरचं माझं नाव पाहिलं, आणि गोऱ्या साहेबांना इंग्रजीत काहीतरी सांगितलं. त्यांनी वहीत लिहून घेतलं. मोठे साहेब लाल झाले. कितवेसाहेबांनी खिशातला पेन काढून पुन्हा खिशात ठेवला. मग सगळे ऑफिसात गेले आणि दार लागलं.

अर्ध्या तासानं चहा देऊन आलेल्या मावशींनी बातमी आणली. "आत लय गरम झालंय. ते म्हणतात, कामगारीण सांगते तिचं नाय आणि कागदावर तिचं नाव. मग कपाटातले बाकीचे कागद तरी खरे कशावरून? तुमच्या कितवेसाहेबांना खोटारडा नाय म्हणाले एवढंच."

लताबाई टेबल सोडून माझ्याकडे आली. "अगं ए बाई! आठ वर्षं गप्प बसलीस, आजच बोलायचं होतं तुला? आणि बोललीस ते पण उलटं?"

"मला वाटलं साहेबांना मान..."

"मान! आता घे मान, आणि दिवाळीला तोच खा." मग माझं तोंड बघून ती खाली बसली. पदरानं माझा घाम पुसला आणि हळू म्हणाली, "आता काय करशील?"

तीस घरं डोळ्यांपुढे येत होती, आणि सगळ्यात जास्त कितवेसाहेबांचं बंद दार. ज्या माणसानं आयुष्यात खोटा कागद भरला नाही, त्याला मी दोन वाक्यांत खोटं पाडलं होतं.

दोन तासांनी ते बाहेर आले आणि सरळ माझ्या टेबलापाशी येऊन समोरच्या स्टुलावर बसले. मला वाटलं आता रागावतील. ते म्हणाले, "सुमनबाई, मान दिलात त्याबद्दल आभार. पण माझ्या आयुष्यात एवढा महाग मान मला कुणी दिला नव्हता."

मी रडायला लागले. "साहेब, मी आत येऊन सांगू का? पण मला बोलता येणार नाही."

"बोलू नका. आज बोललात तेवढं पुष्कळ झालं." लताबाई तोंडाला पदर लावून हसली. मीही रडता रडता हसले. साहेबांनी पेन पुढे केला. "पिवळ्या कागदावर फक्त जमलं तेवढंच लिहायला जागा असते. जमलं नाही ते कुठे लिहिलंय? मी आत तेच म्हणालो, की ज्यानं केलं त्यालाच काय काय फसलं ते माहीत असतं. मला त्यातलं निम्मं ठाऊक नाही. ते लिहा. घाई नको, त्यांना मी जेवायला बसवतो."

मी लिहिलं. कोऱ्या कागदाच्या दोन्ही बाजू भरल्या. मला अजून आठवतं. 'पहिलं सूप वाणाचं होतं. त्याचं कुसळ निघून बटणात पडलं, चार बटणं खराब झाली, ती मी साहेबांना सांगितली नाहीत. मग प्लास्टिकचं आणलं. त्याला स्प्रिंगा चिकटून बसायच्या, पुसून घेतलं तर जास्तच चिकटायच्या. मग फिटरदादांनी पत्र्याचं केलं, पण पत्रा गुळगुळीत, सगळंच घसरून पुढे यायचं. मग घरी बांबूचं सूप परत नीट पाहिलं तेव्हा समजलं, सुट्या स्प्रिंगा विणीच्या रेघांत अडकतात. खिळ्यानं पत्र्यावर रेघा मारल्या. आधी जवळ जवळ मारल्या ते चुकलं. एका रेघेत एकच स्प्रिंग बसली पाहिजे. गुळगुळीत सूप टेबलाखाली आहे. साहेब शेजारी होते म्हणून मी मघाशी त्यांचं नाव सांगितलं. ते खोटं होतं. त्यांचं फक्त एवढंच आहे, की ते म्हणाले पुन्हा एकदा करा.'

जेवणानंतर मॅडम एकट्याच लाइनवर आल्या. हातात माझा कागद होता. "टेबलाखालचं दाखवता?" मी गुळगुळीत सूप काढून दिलं. त्यांनी त्यात स्प्रिंगा घेऊन पाखडायला सुरुवात केली आणि सगळ्या स्प्रिंगा जमिनीवर. लताबाई म्हणाली, "अवं मॅडम, तुमच्या घरी तांदूळ निवडलेलेच येतात वाटतं!" मॅडम मोठ्यानं हसल्या. मग रेघांचं सूप घेतलं. तिसऱ्या खेपेला त्यांना जमलं. गुंते पुढे, सुट्या मागे. त्या बराच वेळ त्या रेघांवरून बोट फिरवत होत्या. मला म्हणाल्या, "साहेब शेजारी होते म्हणून नाही म्हणालात?"

मी मानेनंच हो म्हटलं.

मॅडम त्या गोऱ्या साहेबांना हे समजावून सांगायला गेल्या. आम्ही काचेतून बघत होतो. ते इंग्रजीत सांगायला त्यांना फार वेळ लागला. हातवारे करत होत्या, एकदा स्वतःच डोक्यावर पदर घेतल्यासारखं केलं. शेवटी गोऱ्या साहेबांनी मान डोलावली, वहीतली एक ओळ खोडली आणि उठून कितवेसाहेबांशी हात मिळवला. तेव्हा कुठे मला श्वास घेता आला. त्या संध्याकाळी घरी जाताना सिडकोच्या स्टॉपवर उतरायचं विसरले, दोन स्टॉप पुढे गेले, आणि चालत परत येताना अंग इतकं हलकं वाटत होतं की तेही बरं वाटलं.

यादी लागली. आमचं नाव तिच्यात होतं, पण अगदी खाली, शेवटच्या पानावर. मोठ्या साहेबांना ते फळ्यावर नको होतं. कितवेसाहेबांनी ते खडूनं मोठ्या अक्षरात लिहिलं. लताबाईनं विचारलं, "साहेब, शेवटून कितवे?" त्यांनी तेही सांगितलं, आणि सगळ्यांना पेढे वाटले. यादीत नाव आहे एवढं त्या ग्राहकाला पुरलं; पंधरा दिवसांनी नवीन बटणाचं काम आपल्याकडे आल्याचं कळलं, आणि त्या दिवशी शेडमध्ये जो आवाज झाला, तसा मी दसऱ्याच्या पूजेलाही ऐकलेला नाही. मोठ्या साहेबांनी खूश होऊन माझं पत्र्याचं सूप उचलून स्वागतकक्षात काचेच्या कपाटात ठेवलं. दुसऱ्या दिवशी स्प्रिंगा पुन्हा गुंतल्या, लाइन अडली. कितवेसाहेब गेले, कपाट उघडलं आणि सूप काखेत मारून घेऊन आले. "पाहुण्यांना फोटो दाखवा म्हणावं. बायकांना सूप लागतं."

गेल्या वर्षी ते निवृत्त झाले. गंगापूर रोडला मुलीकडे राहतात. निरोपाच्या दिवशी भाषणं झाली, शाल झाली. मी मागच्या रांगेत होते. त्या सगळ्या काळात मी त्यांची माफी मागितली नव्हती. रोज ठरवायचे आणि रोज राहून जायचं. ते फाटकाशी स्कूटर काढायला गेले, तेव्हा मी धावत गेले आणि पायाला हात लावायला वाकले.

ते दोन पावलं मागे सरले. "नको, नको. तुमच्या मानाची मला धास्तीच बसलीय."

मी सरळ उभी राहिले. जे बोलायचं ठरवलं होतं ते काहीच आठवेना. रखवालदार बघत होता, लताबाई दारातून बघत होती. मी त्यांच्याकडे बघून, सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाले, "साहेब, सूप माझं होतं."

"हो," ते म्हणाले. "मी तेच तर लिहिलं होतं."

आणि स्कूटरला किक मारून निघून गेले.